हरलेल्या बैलाचा प्रश्न

चैत्र लागला म्हणजे गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि यात्रेबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतींचे फलक चौकाचौकांत लागतात. पुणे जिल्ह्यात खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या बाजूस घाटातला बैलगाडा, सातारा-सांगलीकडे छकड्यांची मैदाने, विदर्भात शंकरपट, आणि रायगडच्या किनाऱ्यास वाळूवरच्या शर्यती, अशी या एकाच हौसेची निरनिराळी रूपे आहेत. ही हौस जुनी आहे आणि ती शेतकऱ्याच्या गोठ्यातूनच निघालेली आहे, हे आम्ही प्रथमच मान्य करून टाकतो. या मासिकाच्या वाचकांपैकी कित्येकांच्या दावणीस शर्यतीचा बैल असेल, कित्येकांनी वर्गणी दिली असेल, आणि राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी धावपट्टीच्या कडेस उभे राहून निदान एकदा तरी आरोळी ठोकली असेल. म्हणूनच बाहेरच्या कोणी येऊन आपणांस उपदेश करण्यापूर्वी आपणच आपसांत या गोष्टीचा विचार करावा, हे बरे.

कायद्याची हकीकत थोडक्यात अशी. प्राण्यांस क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. त्याच्या २२ व्या कलमान्वये केंद्र सरकारने ११ जुलै २०११ रोजी अधिसूचना काढली, आणि ज्या प्राण्यांस खेळाकरिता शिकविता अगर लोकांपुढे दाखविता येत नाही त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाड्यांच्या शर्यती या दोहोंसही मनाई केली. पुढे २०१७ साली तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तीन राज्यांनी मूळ कायद्यास आपापल्यापुरत्या दुरुस्त्या केल्या. तरीही महाराष्ट्रातील शर्यती न्यायालयाच्या हुकमाने बंदच होत्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांस तात्पुरती मोकळीक मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या.

या निकालानंतर पुष्कळांस असे वाटू लागले आहे की प्रश्न मिटला. आमच्या मते कोर्टापुढचा प्रश्न मिटला, गोठ्यातला तसाच आहे. एखादी गोष्ट करता येते एवढे कायदा सांगतो. ती कशी करावी, हे करणाऱ्याने स्वतःस विचारावयाचे असते. शिवाय निकालाचे कारण नीट पाहिले तर ते आपणांस अधिकच बांधून टाकणारे आहे. नव्या कायद्यांनी व त्यांखालील नियमांनी जनावराच्या वेदना पुष्कळ अंशी कमी होतात, असे न्यायालयाने मानले, आणि या नियमांची अंमलबजावणी कडकपणे व्हावी असेही बजावले. म्हणजे शर्यतीची सारी इमारत नियम पाळले जाण्यावर उभी आहे. नियम कागदावरच राहिले तर ती आतून पोकळ होत जाईल, आणि पुन्हा कधी ती कोसळली तर दोष प्राणिमित्रांचा नसून आपला असेल.

कागदाविषयी आम्ही दोन शब्द अधिकाराने बोलू शकतो, कारण आमची उमर महसूल खात्याच्या कारकुनीत गेली. अर्ज यावा, त्यावर अभिप्राय मागवावा, अटी घालून परवानगी द्यावी, आणि अटींचा तो कागद फाइलीस लावून फाइल बांधून ठेवावी, हा क्रम आमच्या अंगवळणी पडलेला आहे. अटी लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु अट लिहिली जाते तालुक्याच्या ठिकाणी आणि मोडली जाते माळावर, आणि या दोहोंमध्ये जे अंतर असते ते कोणत्याही परिपत्रकाने भरून निघत नाही. शर्यतीस जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, धाव १,००० मीटरांपेक्षा लांब असू नये असा नियम आहे, जनावरांची पशुवैद्याकडून तपासणी व्हावी लागते, काठी, चाबूक व विजेचा झटका यांस मनाई आहे, आणि जनावरास वेदना दिल्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड अगर ३ वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. हे सर्व छापील आहे. पण माळावर हजारो लोकांच्या गर्दीत बैलाच्या शेपटीपाशी काय घडते, हे एका शिपायास व एका पशुवैद्यास कितीसे दिसणार? ते खरे दिसते ते आपणांस, कारण आपण तेथे उभे असतो आणि आपणांस जनावर कळते.

आता या विषयात शेतकऱ्याची म्हणून जी तक्रार आहे तिचा विचार करू. तक्रार अशी की, मुंबईच्या महालक्ष्मीवर श्रीमंतांचे घोडे चाबकाखाली पळतात तेव्हा कोणाचे हृदय द्रवत नाही, आणि आमचा बैल वर्षाकाठी यात्रेत दोनदा पळाला की शहरातील मंडळी कोर्टात धावतात. ही तक्रार अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. तथापि शेजाऱ्याने बांध कोरला म्हणून आपणही कोरावा, हा न्याय आपण शेतात मानीत नाही, मग माळावर का मानावा? शिवाय घोड्यांच्या शर्यतवाल्यांकडून शिकण्यासारखे थोडे आहे, तेही पाहावे. नॉर्वे देशात १९८२ साली शर्यतीच्या घोड्यास पळविण्याकरिता चाबूक मारणे बंद करण्यात आले, आणि तेथील शर्यती त्यामुळे बंद पडल्या नाहीत. इंग्लंडात सपाट धावेच्या शर्यतीत एका स्वारास फार तर ६ फटके मारता येतात, आणि २०२३ सालापासून या मर्यादेपेक्षा ४ फटके अधिक पडले तर तो घोडा पहिला आलेला असला तरी त्याचा क्रमांक काढून घेतात. या शेवटच्या नियमाकडे आम्ही पुढे पुन्हा येऊ.

शर्यतीच्या बाजूने असे सांगण्यात येते की बैल नांगरास जुंपतो, मोटेस जुंपीत होतो, उसाच्या गाडीस जुंपतो, तेव्हा त्यास कष्ट होतातच. मग चार घटका पळविल्याने असे काय बिघडले? हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो, आणि म्हणूनच त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. आमच्या मते शेतातील कष्ट आणि शर्यतीतील कष्ट यांत फरक कमीअधिक कष्टांचा नाही. तो मालकाच्या हिताचा आहे. नांगरणीच्या दिवसांत जो शेतकरी बैलास ताकदीबाहेर राबवील त्याचा बैल खांद्याला येईल, पाय धरील, आणि पेरणीच्या ऐन वाफशावर मालकच अडून बसेल. तेथे बैलाचे दुखणे हेच मालकाचे नुकसान असते. म्हणून कितीही कठोर मनाचा शेतकरी असला तरी त्याचा स्वार्थच त्याचा हात आवरतो. दुपारी जू सोडणे, पाणी दाखविणे, खांद्यास तेल लावणे, या साऱ्या चाली केवळ भूतदयेतून आलेल्या नाहीत. त्यांत व्यवहारही आहे, आणि म्हणूनच त्या टिकल्या.

शर्यतीत हे सगळे उलटे होते. धाव थोड्या सेकंदांची असते आणि निकाल सेकंदाच्या दशांशावर लागतो. तो शेवटचा दशांश बैलाच्या हौसेने मिळत नाही असे ज्यास वाटते, तो पराणीची आर टोचतो, शेपूट पिरगाळतो, तिचा चावा घेतो, किंवा बॅटरीचा झटका देतो. हे प्रकार सगळेच करतात असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कित्येक गाडामालक बैलास अंगणातल्या मुलाप्रमाणे वाढवितात, हे सर्वश्रुत आहे. परंतु खेळाची रचनाच अशी आहे की, ज्या क्षणी बैलास अधिक दुखविले जाते त्याच क्षणी मालकाचा अधिक फायदा होण्याचा संभव असतो. शेतात स्वार्थ बैलाचा राखणदार होता, आणि माळावर तोच स्वार्थ त्याचा वैरी होतो. सज्जन मालकासही येथे मोह पडतो, कारण शेजारच्या गाड्याने तो मोह आवरलेला नसतो. आम्ही शर्यतीस सरसकट वाईट म्हणत नाही. मात्र जेथे स्वार्थ जनावरास राखीत नाही, तेथे त्याच्या जागी दुसरे काही बळकट उभे केले पाहिजे, एवढाच आमचा मुद्दा आहे.

बैलाच्या शरीराचाही विचार करावा. तो रवंथ करणारा प्राणी आहे. मोठ्या बैलाच्या पोटाची पहिली कोठी शंभर लिटरांच्या आसपास असते, आणि चारा खाऊन स्वस्थ बसून तो पुन्हा चावावा अशी त्याची घडण आहे. अंगातील उष्णता बाहेर टाकण्यास घोड्याइतका घाम त्यास येत नाही, त्यास धापा टाकूनही ती काढावी लागते. आमचे माणदेशी खिल्लार चपळ आहे, काटक आहे, आणि मोकळे सोडले तर आपण होऊन उधळते, हे खरे. परंतु आनंदाने उधळणे निराळे आणि भिऊन पळणे निराळे. कळपातल्या जनावरास भय वाटले की पळणे हा त्याचा स्वभाव आहे. तेव्हा बैल पळाला एवढ्यावरून त्याची खुशी सिद्ध होत नाही. डोळ्यांचे पांढरे दिसणे, तोंडास फेस येणे, शेण पातळ होणे ही लक्षणे वाचण्यास आपणांस कोणा पशुवैद्याची गरज नाही.

उन्हाची गोष्ट तर सरळच आहे. ओझ्याच्या व जुंपणीच्या जनावरांसंबंधी केंद्र सरकारचे १९६५ सालचे नियम आहेत. त्यांप्रमाणे जनावरास दिवसांतून एकंदर ९ तासांपेक्षा अधिक व विश्रांतीवाचून सलग ५ तासांपेक्षा अधिक जुंपता येत नाही, आणि जेथे उष्णता ३७ अंश सेल्सियसच्या वर जाते तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात त्यास मुळीच जुंपता येत नाही. टोकदार खिळ्याची काठी वापरण्यासही त्यांत मनाई आहे. हे नियम पोटासाठी गाडी हाकणाऱ्या गरिबास लागू आहेत. मग चैत्र-वैशाखाच्या दुपारी केवळ हौसेसाठी जुंपणाऱ्याने त्यांहून अधिक सवलत मागावी, हे कोणत्या तोंडाने?

दुसरा मोठा युक्तिवाद खिल्लार वंशाच्या रक्षणाचा. शर्यत बंद झाली तर खिल्लार नामशेष होईल, असे म्हणतात. बैल झपाट्याने कमी होत आहेत, यात संशय नाही. देशातील नर गोवंशाची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सुमारे ६ कोटी ७९ लाख होती, ती २०१९ च्या गणनेत सुमारे ४ कोटी ७४ लाखांवर आली. सात वर्षांत दोन कोटींहून अधिक घट झाली, आणि तिचे मुख्य कारण ट्रॅक्टर व इतर यंत्रे हे आहे. आता गंमत पाहा. ज्या यंत्राने बैलाचे जू उतरविले तेच यंत्र आज मोठमोठ्या शर्यतींत पहिल्या क्रमांकाचे बक्षीस म्हणून मांडले जाते! ट्रॅक्टर, मोटारसायकली, चारचाकी गाड्या यांच्या रांगा लावून आपण बैलाचा वंश राखतो असे म्हणणे, हे आमच्या अल्पबुद्धीस तरी उमगत नाही. वंश राखला जातो तो गाईमुळे. ज्याच्या घरी खिल्लार गाय आहे, जो तिच्या थोड्या दुधावर समाधान मानून तिची वासरे वाढवितो, त्याच्या नावाने कोणत्या यात्रेत हलगी वाजते? शर्यतीने चार-दोन नामांकित बैलांची किंमत लाखांवर जाते, पण बाकीच्या गोठ्यांत वंशाची कळा त्यामुळे वाढतेच असे नाही.

आणि येथे आम्ही आमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. जिंकलेल्या बैलाविषयी आम्हांस मुळीच चिंता नाही. त्यास बदाम, दूध, अंडी, खारीक मिळते, त्याच्या अंगावर झूल पडते, त्याची मिरवणूक निघते, तो मेला तर त्याची समाधीही बांधतात. एका मैदानात शंभर गाड्या उतरल्या तर नंबरात येणाऱ्या थोड्याच. उरलेल्या हरलेल्या. हरलेल्या बैलाचे काय होते? ज्याचा पाय मुरगळला, ज्याचा खूर फुटला, जो दोन हंगाम मागे पडला, तो कोणाच्या दावणीस जातो? शेतीस त्याचा उपयोग नाही, कारण त्यास औताची सवय लावलेली नसते आणि औतच घरात नसते. राज्यात २०१५ पासून बैलाची कत्तल कायद्याने बंद आहे. म्हणून तो बाजारात हातोहाती फिरतो, प्रत्येक वेळी थोडा स्वस्त होतो, आणि अखेर कोठे जातो हे पहिल्या मालकास ठाऊक नसते, किंबहुना ठाऊक करून घ्यावयाचे नसते. जनावरांच्या खेळाची नीती ठरवावयाची असेल तर विजेत्याच्या गळ्यातील हार पाहून ती ठरवू नये. हरलेला बैल पुढील वर्षी कोठे बांधलेला आहे, हे विचारावे.

आपल्या जुन्या शास्त्रकारांस हा विचार सुचला नव्हता असे नाही. कृषिपराशर नावाचा शेतीवरील जुना संस्कृत ग्रंथ आहे. त्यात एका नांगरास आठ बैल जुंपणे हा धर्म सांगितला असून, सहा बैल जुंपणे हा धंदेवाल्याचा मार्ग, चार जुंपणे हा निर्दयाचा मार्ग, आणि दोनच बैलांवर सारा भार टाकणारा तर गाय खाणाऱ्यासारखा, असा उतरता क्रम लाविला आहे. आठ बैलांचा नांगर आज कोणी धरणार नाही, पण त्यामागील दृष्टी ध्यानात घेण्यासारखी आहे. जनावराचा उपयोग करणे हे पाप नाही, पण त्याच्या वाट्यास किती भार येतो हे न मोजणे हे पाप, असा तो विचार आहे. बेंदूर-पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे तूप-हळदीने मळतो आणि त्यास जेवणाचे आवतण देतो. जुवाच्या ऋणाची ती कबुली आहे. ज्याचे ऋण मानावयाचे त्याच्या शेपटीस दात लावावयाचे, या दोन गोष्टी एका घरात नांदू शकत नाहीत.

आता नुसती टीका करून थांबणे आम्हांस योग्य वाटत नाही, म्हणून आमच्या सूचना मांडतो. पहिली सूचना ही की, दंडापेक्षा बक्षीस गमावण्याचे भय अधिक उपयोगी पडते. १९६० च्या कायद्याने पहिल्या गुन्ह्यास १० ते ५० रुपये दंड ठरविला होता, आणि नव्या कायद्यातील मोठ्या शिक्षेपर्यंत पोचण्यास फिर्याद, पंच, तारखा हे सारे लागते. परंतु काठी उगारलेली, आर टोचलेली अगर शेपटीस हात लावलेला दिसताच तो गाडा त्याच जागी बाद, पहिला आला असला तरी बाद, असा नियम यात्रा कमिटीने आधी जाहीर करून तो पाळला, तर एका हंगामात हे प्रकार आटोक्यात येतील. इंग्लंडातील नियमाचा अर्थ तोच आहे. जिंकण्यासाठी जे केले त्यानेच हार पदरी आली, म्हणजे मोह आपोआप सुटतो.

दुसरी सूचना वेळेची. धावा सकाळी उजाडल्यापासून दहा-साडेदहापर्यंत व सायंकाळी ऊन उतरल्यावर व्हाव्यात. एका बैलास एका दिवसात किती वेळा जुंपावयाचे याची संख्या ठरवून ती नोंदवहीत लिहावी. थांबलेल्या बैलांस सावली व पाणी नसेल तेथे मैदानच भरवू नये. तिसरी सूचना बक्षिसाची. बक्षीस जितके मोठे तितका मोह मोठा आणि वेदनाही मोठी. म्हणून बक्षिसे मानाची असावीत, यंत्रांची नसावीत, आणि जमलेल्या वर्गणीचा ठराविक हिस्सा उत्तम खिल्लार गाय पाळणारास व म्हातारा बैल दावणीस राखणारास द्यावा. चौथी सूचना हरलेल्या बैलासंबंधी आहे. गाडा नोंदविताना मालकाने मागील हंगामात पळविलेले बैल आज कोठे आहेत हे लिहून द्यावे. विकले असतील तर कोणास, तेही लिहावे. हा कागद कोणी कोर्टात नेणार नाही, परंतु गावासमोर तो वाचला जाईल, आणि गावासमोर वाचला जाणारा कागद तालुक्याच्या फाइलीतल्या कागदाहून अधिक काम करतो, हा आमचा अनुभव आहे.

यावर कोणी म्हणेल की अशाने शर्यतीची मजा जाईल, बैल हळू पळतील, गर्दी ओसरेल. कदाचित तसे होईल. परंतु सर्वांसच हा नियम लागू असता सर्वांचेच बैल सारखे हळू पळतील, आणि त्यांतही एक पुढे येईलच. तो बैल पुढे आला तर निवडीने, खुराकाने व शिकवणीने आला असे आपण अभिमानाने म्हणू शकू. आरीच्या टोकाने पुढे आलेला बैल हे कोणत्या पालनाचे कौशल्य?

सबब आमची संघाच्या सभासदांस विनंती अशी की, येत्या वार्षिक सभेपुढे हा विषय ठेवावा. संघाकडे दरवर्षी यात्रांच्या वर्गणीचे अर्ज येतात, आणि गावकीच्या भिडेस्तव आपण ते मंजूर करतो. यापुढे जी यात्रा कमिटी वरील चार गोष्टी लेखी कबूल करील तिलाच संघाची वर्गणी व संघाचे नाव मिळावे, आणि धावेच्या दिवशी संघाचे दोन जाणते सभासद धावपट्टीवर उभे राहावेत. हे काम सरकारी नोकराचे नाही. ते ज्यांच्या दावणीस बैल आहेत त्यांचे आहे. ज्या सभासदांचे मत याहून निराळे असेल त्यांनी ते सभेत अवश्य मांडावे. मात्र बोलावयास उठण्यापूर्वी गेल्या पाच वर्षांत आपल्या गोठ्यातून गेलेल्या बैलांची मनाशी एकदा मोजदाद करून यावे.